त्रयस्थ

होमराज नाकाडेचं ऑफिस म्हणजे गिरीपेठेत, आरटीओपासून चार पावलांवर
एक टेबल, एक प्रिंटर
आणि वाळ्याचा वास कधीच उडून गेलेला कूलर.
मे महिना. सव्वाअकरालाच रस्ता पांढरा पडलेला.
मी जुनी ऑल्टो घेतली आहे, एका निवृत्त पोस्टमास्तरांची.
डॅशबोर्डवर त्यांनी चिकटवलेला ताजबागेचा फोटो
मी काढला नाही.

"कायद्याले एवढंच पाह्यजे, मॅडम,"
फॉर्मवरच्या एका ओळीवर त्यानं बोट आपटलं.
"थर्ड पार्टी. बाकी सारं तुमच्या मनावर.
गारा पडल्या, काच फुटली, चोरानं नेली,
यात छदाम नाही भेटत."

मी विचारलं, फर्स्ट पार्टी कोण?
"तुम्ही."
सेकंड?
"कंपनी."
आणि थर्ड?
तो प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढत होता.
"थर्ड म्हन्जे कोनीबी.
जो तुमाले अजून भेटला नाही, तो."

कागदावर मराठीत होतं: त्रयस्थ पक्ष.
मी शाळेत मराठी शिकवते. त्रयस्थ म्हणजे
ज्याला काही देणंघेणं नाही,
भांडण चालू असताना पानठेल्यापाशी उभा राहून बघतो तो.
इथं तर सगळं देणं त्याचंच.

मी त्याला शोधायला लागले, तिथंच, खुर्चीत बसून.
व्हरायटी चौकात सिग्नलच्या आधी सुटणारा
पाठीवर चौकोनी पेटी घेतलेला पोरगा.
कळमन्याहून टरबुजांचा ठेला ढकलत येणारा.
मानकापूरला डिव्हायडर ओलांडणारी,
दुपट्टा इतका घट्ट गुंडाळलेली
की तिचे फक्त डोळे मला ओळखता येतील.

"मानूस गेला तं लिमिट नाही," नाकाडे सांगत होता,
"गाडीगिडी, भिंतगिंत पडली तं साडेसात लाख.
मान्साचं अमर्याद."
हा शब्द मुलांनी निबंधात लिहिला की मी लाल रेघ मारते.
इथं तो टाइप केलेला होता,
खाली कंपनीचा शिक्का.

आमचे बाबा एकदा त्रयस्थ होते.
कामठी रोडवर, सायकलवर, एका मेटाडोरच्या लेखी.
तिचा विमा संपून नऊ दिवस झाले होते.
कोर्टानं रक्कम दिली, म्हणजे आकडा दिला.
मालकाकडे फक्त मेटाडोर होती, मग तीही नव्हती.
आई तारखांना डबा घेऊन जायची, दोघांचा,
आणि बाबा कुबडी भिंतीला लावून
मोठ्यानं पुकारलेलं स्वतःचं नाव ऐकायचे.
आमच्या घरी नऊचा पाढा
कोणी मोठ्यानं म्हणत नसे.

हे मी नाकाडेला सांगितलं नाही.
एवढंच म्हटलं, थर्ड पार्टी करा,
आणि चालवणाऱ्याचा तो पंधरा लाखांचा पण.
"आन गाडीचं?"
गाडीचं राहू द्या. गाडी गेली तर मी रडेन,
पण चार दिवस.
तो हसला. "फुल घेतलं असतं तं मले बी चार पैसे भेटले असते."
खरं बोलला, म्हणून मला तो आवडला.

सही केल्यावर म्हणाला,
"आज रात्री बारापासून लागू.
तवरीक गाडी इथंच उभी राहू द्या. सावली आहे."

मग मी पायीच निघाले.
पदर डोक्यावर, हातात नारळपाणी, जे केव्हाच गरम झालेलं.
लॉ कॉलेज चौकात पांढऱ्या पट्ट्यांवर पाय ठेवला
तेव्हा डावीकडून एक एसयूव्ही आली,
थांबली, थोडी पुढे सरकली, पुन्हा थांबली.
काळ्या काचेपलीकडे कोण होतं, दिसलं नाही.
त्यानंही मला पाहिलं असेल,
एक बाई, कोणीतरी.

मी हात वर केला आणि रस्ता ओलांडला.
त्याच्या कागदांची तारीख काय होती,
कोण जाणे.